वादळावर पैसे लावायचे का?

बोनस आलाय, एसआयपी चालू आहे, आता काहीतरी ‘ग्रीन’ घ्यावं असं डोक्यात घोळतंय? मग खरेदीआधी हे वाचा. आपला ग्रीन पैसा सोलर पॅनलकडे धावत सुटतो आणि पूर-वादळाच्या वाटेवरची माणसं मात्र बसतात वाट बघत. असं का होतं?

मार्च-एप्रिल म्हणजे अप्रेझल आणि बोनसचा सीझन. ऑफिसच्या कॅन्टीनपासून लोकलच्या फर्स्ट क्लासपर्यंत सगळीकडे एकच डिस्कशन, पैसे टाकायचे कुठे? आम्हा फ्रीलान्सर मंडळींना बोनस-बिनस ही भानगड नसते. मागच्या महिन्याचं पेमेंट या महिन्यात आलं तरी आमची दिवाळी. पण गुंतवणुकीच्या सेमिनारची आमंत्रणं मात्र आम्हाला भरपूर येतात. अशाच एका ‘ग्रीन इन्व्हेस्टिंग’च्या सेमिनारला गेल्या वर्षी गेले होते. फाइव्ह स्टार हॉटेल. एसी इतका फुल्ल की अर्धं पब्लिक हात चोळत बसलेलं. पडद्यावर बर्फाच्या एवढ्याशा तुकड्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल. (हे अस्वल नसेल तर सेमिनार ग्रीन आहे हे लोकांना कळत नाही बहुतेक.) सूटातले सर तासभर बोलले. पृथ्वी वाचवा आणि रिटर्न्सही कमवा, असा एकूण फंडा. मग मागच्या रांगेतल्या एका मुलानं हात वर केला. म्हणाला, “सर, आमच्या गावात दर दोन-तीन वर्षांनी पुराचं पाणी शिरतं. यातला किती पैसा तिकडे जातो?”

सर गोड हसले, ‘गुड क्वेश्चन’ म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

त्या मुलाचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. मग दोन-तीन महिने कामातून वेळ काढून बाँडची ऑफर डॉक्युमेंट्स, जागतिक बँकेची पत्रकं, संयुक्त राष्ट्रांचे रिपोर्ट असा सगळा जाम बोअरिंग ऐवज वाचून काढला. चार लोकांना फोन केले. त्यातून जे हाती लागलं ते पांढऱ्या अस्वलापेक्षा कमी फोटोजेनिक आहे, पण तुमच्या-माझ्या पैशाशी त्याचा थेट संबंध आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. हवामानाच्या नावाखाली पैसा दोन कामांना लागतो. एक म्हणजे धूर कमी करणं. सोलर, पवनचक्क्या, इलेक्ट्रिक बस, मेट्रो हे सगळं त्यात आलं. दुसरं म्हणजे जे आता होणारच आहे, त्यात तग धरणं. वादळात टिकणारी छपरं, पुराच्या वर राहणारे रस्ते, वेळेवर वाजणारा भोंगा, दुष्काळात आटणार नाही अशी विहीर. इंग्रजीत याला ‘क्लायमेट रेझिलिअन्स’ म्हणतात. आपल्या आज्या नुसतं ‘तग धरणं’ म्हणायच्या, तेच ते.

आता आकडा बघा. क्लायमेट पॉलिसी इनिशिएटिव्ह ही संस्था जगभरचा हा पैसा मोजते. २०२१-२२मध्ये वर्षाला सरासरी १.२७ ट्रिलियन डॉलर हवामानासाठी खर्च झाले, म्हणजे एक लाख कोटी डॉलरच्याही वर. त्यातले तग धरण्याच्या वाट्याला आले ६३ अब्ज. रुपयातले पाच पैसे! आणि या पाच पैशांतलाही जवळजवळ सगळा पैसा सरकारांचा आणि सरकारी बँकांचा, खासगी गुंतवणूकदार शोधावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२५चा रिपोर्ट सांगतो, की विकसनशील देशांना २०३५पर्यंत या कामासाठी दर वर्षी ३१० ते ३६५ अब्ज डॉलर लागतील. २०२३मध्ये बाहेरच्या सरकारांकडून आणि आंतरराष्ट्रीय बँकांकडून त्यांना मिळाले २६ अब्ज. आधीच्या वर्षीपेक्षाही कमी.

म्हणजे ज्यांनी धूर कमी केला, त्यांना डोनट आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना डोनटच्या मधलं भोक.

तिकीट नसलेला शो

असं का? श्रीमंत लोक दुष्ट असतात म्हणून, असं म्हणून मोकळं होता येईल. पण कारण त्याहून साधं आहे. सोलर पॅनल वीज बनवतं, विजेला मीटर असतो, मीटरचं बिल येतं, बिलातून व्याज सुटतं. तग धरणाऱ्या कामाला मीटरच नाही. त्यातून मिळतं ते ‘न झालेलं नुकसान’. आणि न झालेल्या नुकसानाचं बिल फाडायचं कुणाच्या नावानं?

मुंबईकरांसाठी उदाहरण हिंदमाताचं. पाऊस पडला की टीव्हीचे कॅमेरे थेट तिथेच जायचे. महापालिकेनं जवळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. हिंदमाताचं पाणी तिथे नेऊन ठेवायचं आणि पाऊस-भरती ओसरली की सोडायचं. पाणी तुंबलं नाही तर फायदा कुणाचा? दुकानदारांचा, टॅक्सीवाल्यांचा, परळच्या हॉस्पिटलांत पोहोचणाऱ्या पेशंट्सचा. आणि यातलं कोणीही टाकीचं तिकीट काढत नाही. म्हणून टाकी बांधली जाते ती कराच्या पैशातून. तिचा शेअर मार्केटला लिस्ट होत नाही.

घरातलं उदाहरण द्यायचं तर माझी आत्या श्रीवर्धनला असते. वाडी आहे, सुपारी आणि नारळाची. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, हे खाणाऱ्यांना सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दोन-तीन तासांत आत्याची निम्मी-अधिक वाडी आडवी झाली. सुपारीवर चढवलेले मिरीचे वेलही झाडांबरोबर गेले. आत्याकडे तीन आठवड्यांहून जास्त वीज नव्हती. विहिरीवरचा पंप बंद, त्यामुळे जी झाडं उभी राहिली होती त्यांनाही पाणी नाही. मी फोनवर म्हटलं, सरकार मदत देतंय ना? आत्या म्हणाली, “अगो, घर एक वेळ पुन्हा उभं करता येतं. झाडाला थोडंच सांगता येतं लवकर वाढ म्हणून?” सुपारी लावल्यावर ती धरायला सहा-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं वाडीत खर्च आहे, उत्पन्न नाही.

आता हे नुकसान कमी करायचं तर काय लागलं असतं? झाडं वाचली नसती कदाचित. पण विजेच्या तारा जमिनीखाली असत्या तर पंप चार दिवसांत सुरू झाला असता. अलिबागमध्ये अशा भूमिगत वीजवाहिन्यांचं काम राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात घेतलं गेलं, त्यात जागतिक बँकेचं कर्ज आहे. श्रीवर्धनसारख्या छोट्या गावातही ते व्हावं असं कोणालाही वाटेल. पण वीज कंपनीच्या नजरेनं बघा. जमिनीखालची तार खांबावरच्या तारेपेक्षा कितीतरी महाग. आणि ती टाकली म्हणून आत्याचं बिल एका रुपयानंही वाढणार नाही. मग कोणता खासगी गुंतवणूकदार येणार?

इंदूरचं पाणी, तुमचे दहा हजार

यावर एक उतारा सापडला तो इंदूरला. पोहे-जलेबी आणि स्वच्छतेचे अवॉर्ड यासाठी आपण इंदूर ओळखतो, पण या शहराची खरी कथा पाण्याची आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर आणि नर्मदा खाली, साधारण सत्तर किलोमीटरवर. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी पाणी वर चढवत आणायचं. म्हणजे नळाला येणारा प्रत्येक थेंब आधी विजेचं बिल भरून येतो. या बिलानं महापालिका मेटाकुटीला आलेली. उपाय काय? पंपांसाठी स्वतःचा ६० मेगावॉटचा सोलर प्लांट.

पैसे उभे करायला इंदूर महापालिका फेब्रुवारी २०२३मध्ये थेट तुमच्या-माझ्याकडे आली. तोवर आपल्याकडचे महापालिकांचे ग्रीन बाँड मोठ्या संस्थांनीच घ्यायचे. इंदूरनं पब्लिक इश्यू काढला. एक हजाराचा बाँड, किमान दहा घ्यायचे, म्हणजे दहा हजार रुपये. व्याज ८.२५ टक्के, सहा महिन्यांनी हातात. प्रत्येक बाँडचे अडीचशे-अडीचशेचे चार तुकडे, ते तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी फेडायचे. मागितले होते १२२ कोटी, जास्त आले तर आणखी १२२ ठेवून घेण्याची सोय. अर्ज आले मूळ आकड्याच्या जवळजवळ सहापट! शेवटी २४४ कोटी घेतले.

सही ना? मलाही वाटलं. पण ऑफर डॉक्युमेंट नीट वाचलं की दोन गोष्टी लक्षात येतात, आणि त्या सेमिनारमध्ये कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, हा बाँड लोकांनी उचलला कारण त्याच्या मागे एक बिल होतं. विजेचं बिल कमी होणार, ही बचत कागदावर दाखवता येते. जिथे बिल आहे तिथे बाँड निघतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमचं व्याज सूर्यावर अवलंबून नाही. ते महापालिकेच्या तिजोरीवर आहे. मालमत्ता कर आणि बाकीची वसुली वेगळ्या खात्यात येते, तिथून आधी बाँडवाल्यांचं देणं बाजूला काढलं जातं. बहुतेक ग्रीन बाँडचं असंच असतं. पैसा हिरव्या कामाला वापरू एवढं वचन, पण परतफेड एकूण जमाखर्चातून. म्हणजे इंदूरचा बाँड घेताना तुम्ही पैज लावता ती इंदूरकर घरपट्टी भरतील यावर. (ते भरतात. म्हणून तर रेटिंग चांगलं मिळालं.)

मग ज्या नगरपालिकेची घरपट्टीच जेमतेम, तिनं काय करायचं? श्रीवर्धनलाही नगरपालिका आहे. समुद्र तिच्या दारात आहे, पण तिच्या बाँडला रेटिंग कोण देणार? ज्या गावाला तग धरायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच उधार सगळ्यात अवघड. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली खरी मेख इथे आहे.

इंदूरच्या आधी २०२१मध्ये गाझियाबादनं १५० कोटींचा ग्रीन बाँड काढला होता. सांडपाणी भरपूर शुद्ध करून ते साहिबाबादच्या कारखान्यांना विकायचं, म्हणजे कारखान्यांचा जमिनीखालच्या पाण्यावरचा ताण कमी. इथेही बघा, गिऱ्हाईक ठरलेलं. आपल्याकडे पुण्यानं २०१७मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे बाँड काढले. ते ग्रीन नव्हते, साधे होते. चोवीस तास पाणी आलंय का, हे पुणेकरांनी आपापला नळ उघडून बघावं. पिंपरी-चिंचवडनं २०२५मध्ये २०० कोटींचा ग्रीन बाँड काढला, त्यातला पैसा ‘हरित सेतू’सारख्या चालण्याच्या आणि सायकलच्या वाटांसाठी. छान आहे. पण पवनेला पूर आला की त्या वाटेचा उपयोग किती?

व्याज न देणारी सर्वोत्तम गुंतवणूक

जिथे बिलच नाही तिथे काय होतं, हे बघायला बांगलादेशासारखी जागा नाही. नोव्हेंबर १९७०च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. एप्रिल १९९१च्या वादळात सुमारे एक लाख ३८ हजार. नोव्हेंबर २००७च्या ‘सिद्र’मध्ये सुमारे ३,४००. आणि मे २०२०च्या ‘अम्फान’मध्ये काही डझन. समुद्र तोच, वादळं तशीच. बदललं काय? खांबांवर उभी असलेली काँक्रीटची निवारा केंद्रं, गावागावांत सायकलवरून भोंगा घेऊन फिरणारे स्वयंसेवक, हवामान खात्याचे अंदाज आणि किनाऱ्याचे बांध. निवारा केंद्रात एरवी शाळा भरते, त्यामुळे इमारत वापरात राहते आणि वादळाच्या दिवशी किल्ली शोधावी लागत नाही. हे मला भारी आवडलं. अम्फानच्या वेळी वीस लाखांहून जास्त लोक हलवले, तेही कोविडमध्ये. आपल्या ओडिशाची गोष्टही अशीच. १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार मृत्यू, मे २०१९च्या ‘फनी’त ६४.

या कामाला पैसा कुठून आला? सरकारी तिजोरी, जागतिक बँकेची कर्जं, परदेशी मदत. खासगी गुंतवणूकदाराला दाखवण्यासारखं काहीच नाही, कारण निवारा केंद्राचं भाडं कोण देणार? तरी माणसांच्या जिवात हिशेब केला तर याच्या जवळपास जाणारा एखादा म्युच्युअल फंड मला दाखवा.

मुद्दल बुडालं, पण ठरल्याप्रमाणे

मग खासगी पैशाला या खेळात जागाच नाही का? आहे, एका विचित्र कोपऱ्यात. त्यासाठी जमैकाला जावं लागेल. क्रिकेटवाल्यांना जमैका म्हणजे होल्डिंग, वॉल्श आणि गेल, बाकीच्यांना उसेन बोल्ट. पण शेअर बाजारवाल्यांमध्ये हा छोटा देश ओळखला जातो तो त्याच्या ‘कॅटॅस्ट्रॉफी बाँड’साठी.

फंडा असा. समजा सोसायटीत काही पैसेवाल्या मंडळींनी मिळून एक डबा भरून ठेवला आणि सेक्रेटरीकडे दिला. तुम्ही त्या मंडळींना दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची. तीन-चार वर्षांत तुमच्या छपराला काही झालं नाही तर डबा त्यांचा त्यांना परत. आणि ठरलेल्या जोराचं वादळ आलं तर अख्खा डबा तुमचा, त्यांनी हात हलवत घरी जायचं. जमैकानं हेच केलं. सेक्रेटरी म्हणजे जागतिक बँक. पहिला डबा २०२१मध्ये, १८.५ कोटी डॉलरचा. त्याची मुदत संपल्यावर २०२४मध्ये दुसरा, १५ कोटी डॉलरचा, डिसेंबर २०२७पर्यंतसाठी. यात पंचनामा नाही, सर्व्हेअर नाही. नकाशावर चौकोन आखलेले असतात. वादळ त्या चौकोनातून जाताना त्याच्या केंद्रातला हवेचा दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की पैसे सुटले.

पैसेवाली मंडळी असल्या डब्यात पैसे का घालतात? कारण व्याज घसघशीत असतं आणि वादळाला शेअर बाजाराशी देणंघेणं नसतं. सेन्सेक्स कोसळला म्हणून कॅरिबियन समुद्रात वादळ होत नाही. मोठ्या फंडांना असं वेगळं काहीतरी हवंच असतं.

जुलै २०२४मध्ये ‘बेरिल’ आलं. जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला झोडपून गेलं, पण चौकोनातला दाब हवा तेवढा उतरला नाही. पैसे शून्य. छपरं उडालेल्या लोकांना हे समजावून सांगण्याची वेळ मंत्र्यांवर यावी, हे वाईटच. मग २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मेलिसा’ आलं. पाचव्या श्रेणीचं, वाऱ्याचा वेग ताशी जवळपास २९५ किलोमीटर. या वेळी आकडा गाठला गेला आणि पूर्णच्या पूर्ण १५ कोटी डॉलर जमैकाला मिळाले. गुंतवणूकदारांचं मुद्दल गेलं. अटच तशी होती.

इथे टाळ्या वाजवाव्यात असं मला एका मिनिटासाठी वाटलं. मग नुकसानीचा आकडा पाहिला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार ८.८ अब्ज डॉलर, देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या ४१ टक्के. त्यापुढे १५ कोटी म्हणजे शंभर रुपयांच्या नुकसानीला दोन रुपयेसुद्धा नाहीत. डबा उपयोगी आहे, कारण पहिल्या काही आठवड्यांत रोख पैसा हातात असणं म्हणजे औषधं, जनरेटर, ताडपत्री. पण डबा म्हणजे भिंत नव्हे. तो वादळ येऊन गेल्यावर उघडतो.

आपल्याकडे याच तत्त्वावरचा एक छोटा प्रयोग चालू आहे आणि मला तो जमैकापेक्षा जवळचा वाटतो. इला भट्ट यांनी १९७२मध्ये अहमदाबादेत सुरू केलेली ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना. भाजी विकणाऱ्या, मिठागरात राबणाऱ्या, भंगार गोळा करणाऱ्या बायका. उन्हानं काम बंद म्हणजे रोज बंद. २०२३मध्ये गुजरातेत २१ हजार सभासदांसाठी उष्णतेचा विमा काढला. गंमत म्हणजे त्या वर्षी ठरवलेला पारा गाठलाच गेला नाही आणि कोणाला काही मिळालं नाही. पुढच्या वर्षी योजना सुधारली. २०२४मध्ये गुजरात, राजस्थान आणि आपला महाराष्ट्र मिळून २२ जिल्ह्यांत ५० हजार बायका त्यात होत्या. मागे स्विस री आणि आयसीआयसीआय लोम्बार्ड. मे महिन्यात पारा चढला आणि ४६ हजारांहून जास्त जणींना पैसे मिळाले. काहींना दीडशे रुपये, काहींना सोळाशेच्या वर. त्याशिवाय पारा चाळिशी ओलांडल्यावर चारशे रुपयांची रोख मदत वेगळी.

दीडशे रुपयांत आपली कॉफीसुद्धा येत नाही, मान्य. पण भर दुपारी हातगाडी घेऊन न निघता सावलीत बसायची किंमत कोणीतरी दिली, हे त्यातलं नवीन. फक्त एक लक्षात ठेवायला हवं, विम्याच्या हप्त्याचा बराच भार देणग्यांनी उचललाय. बिलाचा प्रश्न इथेही आहेच.

बरं, मग मी काय घेऊ?

शेवटी हा प्रश्न येणारच. पवईत राहणारी माझी एक मैत्रीण बँकेच्या टेक्नॉलॉजीत आहे. बोनस बऱ्यापैकी आला होता. तिनं मला हाच प्रश्न विचारला, म्हणून आम्ही दोघी लॅपटॉप उघडून एका रविवारी बसलो.

आधी तिच्याकडे असलेला ईएसजी फंड उघडला. वरच्या दहा नावांत मोठ्या बँका आणि आयटी कंपन्या. तिच्या साध्या इंडेक्स फंडातही बरीचशी तीच नावं. चांगल्या कंपन्या आहेत, पण त्यातून कुठे बांध बांधला जात नाही. तो विषय पाच मिनिटांत संपला.

मग भारत सरकारचे ग्रीन बाँड. पहिला लिलाव २५ जानेवारी २०२३ रोजी झाला, पाच वर्षांचा बाँड ७.१० टक्क्यांचा आणि दहा वर्षांचा ७.२९चा. रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ खात्यातून दहा हजारांपासून हे घेता येतात. सुरक्षित म्हणाल तर याहून सुरक्षित काय असणार? सरकारनं पैसा वापरायच्या नऊ प्रकारांची यादी केली आहे आणि त्यात हवामान बदलात तग धरण्याचं कामही आहे. पण पहिल्या वर्षीच्या पैशाचा मोठा वाटा गेला रेल्वेची इलेक्ट्रिक इंजिनं आणि मेट्रोकडे. मैत्रीण म्हणाली, “मेट्रोनं तर मी रोज जाते, ठीक आहे की.” ठीक आहेच. पण त्या मागच्या रांगेतल्या मुलाच्या गावात तो पैसा पोहोचलेला नाही, एवढं माहीत असलेलं बरं.

म्हणून आता असं काही विकायला कोणी आलं की मी तीन गोष्टी विचारते. पैसा नेमका कशावर खर्च होणार आणि ते कुठे छापलंय? व्याज कोणाच्या खिशातून येणार? आणि खर्च झाल्यावर त्याचा हिशेब दर वर्षी जाहीर होणार का? विकणारा पहिल्या प्रश्नाला झकास उत्तर देतो, दुसऱ्याला अडखळतो. तिसऱ्याला बहुतेक जण ‘मी तुम्हाला मेल करतो’ म्हणतात. माझ्या इनबॉक्समध्ये आजवर असे दोन मेल आले आहेत. त्यातला एक दिवाळीच्या शुभेच्छांचा होता.

मैत्रिणीला शेवटी इंदूरच पटलं. पाणी, सोलर आणि वसूल होणारी घरपट्टी, असं तिचं गणित. व्याज करपात्र आहे, हेही तिनं मान्य केलं. इश्यू तर केव्हाच बंद झालेला, पण बाँड एनएसईवर लिस्टेड आहेत. तेव्हा तिनं नऊ वर्षांचे चाळीस तुकडे घ्यायची ऑर्डर टाकली. सोमवार गेला, मंगळवार गेला, ऑर्डर तशीच. विकणारं कोणी नाही. ज्यांच्याकडे आहेत ते धरून बसलेत, रोजची उलाढाल जवळजवळ नाहीच. घ्यायला त्रास आणि उद्या अडीअडचणीला विकायलाही तेवढाच त्रास, हे तिला बँकेत असून तेव्हा कळलं. गुरुवारी दुपारी तिचा मेसेज आला. चाळीसपैकी अकरा मिळाले होते.